शूटिंग करण्यास सक्त मनाई

संकट आलं की आधी गोड कोण बोलायला लागलं ते बघावं. न सांगता चहा कुणी मागवला, "ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका" असं कोण दोन-दोनदा म्हणालं, कुणी आपली खुर्ची आपल्याला दिली. माझी सगळी नोकरी अशा संशयावर चालली. हा संशय मला कुठल्या कॉलेजात शिकवला नाही. शहाद्याच्या टॉकीजमध्ये बायकांच्या बाकावर बसून, पदरात भुईमुगाच्या शेंगा घेऊन मी तो शिकले. पहिल्या अर्ध्या तासात जो मामा हिरोइनीला स्वतःच्या हातानं लाडू भरवतो त्याच्यावर नजर ठेवावी, हे मला न्हाण येण्याच्या आधीच कळलं होतं.

मी केळी उत्पादकांच्या एका सहकारी संघात जनसंपर्काचं काम केलं. संघाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यातले निम्मे संचालक अजून धडधाकट आहेत आणि दिवाळी अंक त्यांच्याही घरी जातो. जनसंपर्क म्हणजे नक्की काय करतेस, असं माझी सासू विचारायची. मी सांगायचे, लोक काय बोलतात ते साहेबांना सांगायचं, आणि साहेब काय बोलले ते लोकांना सांगायचं नाही. सासू म्हणायची, "मंग हाई तं मी घरमा फुकट करस."

ही नोकरी मला मिळाली कशी, ते सांगते. त्यात तेव्हाच्या माझ्याबद्दल जे काही समजायचं ते समजून जाईल.

मी संघात टायपिस्ट म्हणून लागले होते. वेणी घट्ट, चपला नव्या, डोक्यात सिनेमे. एकदा कापणी होऊन घड शेतात पडले आणि न्यायला ट्रक आलेच नाहीत. कापलेलं केळं उन्हात थांबत नाही. काळं पडायला लागतं, मग व्यापारी त्याच्याकडे बघतही नाही. शेतकरी चिडून ऑफिसवर आले. चेअरमन मागच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली. बाहेर आरडाओरडा, आत आम्ही चौघे-पाच जण भिंतीला पाठ लावून. आता हे मला माहीत होतं. हा प्रसंग मी पडद्यावर कितीतरी वेळा बघितला होता. जमाव चिडलेला असतो, हिरोइन उंच जागी चढते, एक हात वर करते, सगळे गप्प होतात, आणि मग ती असं काही बोलते की म्हातारे डोळे पुसतात.

मी बाहेर गेले, समोर उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढले आणि एक हात वर केला.

कुणीही गप्प झालं नाही. मी तरी सुरू केलं, "माझ्या बांधवांनो." मागून आवाज आला, "ओ ताई, माईक कोठे शे?" दुसऱ्यानं विचारलं, "इंटरव्हल कवय व्हई?" मी न डगमगता पुढे बोलत राहिले. ट्रॉलीच्या मालकाला चारा आणायला जायचं होतं. त्याला ना भाषणात रस होता ना माझ्यात. त्यानं ट्रॅक्टर सुरू केला आणि निघाला. मी खाली बसले नाही. हात वर, भाषण चालू, अशी मी गेटातून बाहेर गेले, लोणखेड्याच्या वळणापर्यंत गेले, आणि मागे तो सगळा संतापलेला जमाव पोट धरून हसत होता.

परत चालत आले तेव्हा नोकरी गेली असंच धरून चालले होते. पण लोक हसून हसून मोकळे झाले होते, बांधावर बसून बिड्या ओढत होते, ट्रकचा निरोपही आला होता. कडी काढून बाहेर आलेले चेअरमन सगळ्यांना सांगत होते की बाईनं काय डोकं चालवलं. त्यांना वाटलं मी मुद्दाम केलं. मी खुलासा केला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मी जनसंपर्कात.

त्यानंतर मी सिनेमे वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. हिरोकडे बघणं सोडलं, गर्दीकडे बघू लागले. पडद्यावरची गर्दी रोजंदारीवर आणलेली असते. तिला गप्प बस म्हटलं की ती गप्प बसते, रड म्हटलं की रडते, आणि कडेला उभा असलेला एक जण हमखास जांभई देत असतो. आपल्याकडच्या गर्दीला रोजंदारी कोण देतंय हे आधी शोधावं लागतं. पुष्कळदा कुणीच देत नसतं, आणि ते जास्त अवघड.

आता जे सांगायचंय ते माझ्या निवृत्तीच्या तोंडावरचं. मोबाईल सगळ्यांच्या हातात आला होता. वय झालं की अक्कल येते, असं लोक म्हणतात. मला त्याबद्दलही संशय आहे.

संघानं स्वतःचा एक छोटा सिनेमा काढायचं ठरवलं. आमची केळी कशी स्वच्छ असतात, हे मोठ्या शहरांतल्या व्यापाऱ्यांना दाखवायला. शूटिंगला बापू होता, लग्नाची शूटिंग करणारा. त्यामुळे तेव्हाचे चेअरमन आबा गाडीतून उतरतात तो शॉट त्यानं नवरदेव उतरल्यासारखा घेतला, संथ, आणि मागून सनई. दिग्दर्शन माझं. मी गळ्यात शाल घेऊन खुर्ची टाकून बसले होते. बाकी कामं सोडून सगळे ते बघायला यायचे.

इथे कामाचं थोडं सांगावं लागेल. घड झाडावरून उतरवला की त्याच्या फण्या कापून वेगळ्या करतात. कापल्या जागेतून चीक येतो. तो केळावर सुकला की काळे डाग पडतात. म्हणून फण्या मोठ्या, पत्र्याच्या हौदात सोडतात आणि हौदाच्या पाण्यात तुरटी फिरवतात. तीच, दाढी करून झाल्यावर न्हावी गालाला लावतो ती. हौदावर आमचे सादिकभाई होते. शहाद्याचे, चार पिढ्या इथल्याच. तुरटीचा खडा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायचा आणि बाईनं ताकात रवी फिरवावी तसा पाण्यात फिरवायचा, ही त्यांची रीत. हे सगळं इतकं साधं होतं की बापूच्या कॅमेऱ्यात काही दिसेचना. पाण्यात एक हात आणि एक फडकं.

"ताई, ह्यामा काही दम नही," बापू म्हणाला.

आबांचंही तेच मत पडलं. काहीतरी मॉडर्न पाहिजे. मग मी सादिकभाईंना तोंडाला मास्क लावायला सांगितला, हातात निळे मोजे घालायला लावले. खडा दिसत नव्हता म्हणून तुरटीच्या जागी मैदा मागवला, आणि सांगितलं की मूठ भरून असा, लांबून, पाण्यावर उधळा. सादिकभाईंनी उधळला. मी म्हटलं, अजून रागानं. त्यांनी रागानं उधळला. पांढरा ढग उठला, उन्हात चमकला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सादिकभाई मास्कच्या आत खोकत होते.

"ताई, मैदा शे ना हाऊ?" त्यांनी विचारलं. "मन्ही घरवाली पोळ्या करी त्याच्या."

श्रावण लागला. उपासाचे दिवस, म्हणजे केळ्याचे दिवस. आणि तेव्हाच तो तुकडा मोबाईलवर फिरायला लागला. आबा नाहीत, सनई नाही, केळीची बाग नाही. फक्त तोंड बांधलेला, मोजे घातलेला एक माणूस रागारागानं पांढरी पावडर केळ्यांवर उधळतोय. खाली लिहिलेलं, उपासाला विष. आणि त्याच्याही खाली, कुणीतरी, सादिकभाईंचं पूर्ण नाव.

सिनेमा म्हणजे कात्री, हे मी शंभर वेळा ऐकलं होतं. ती कात्री माणसावर चालते तेव्हा कसं दिसतं ते त्या दिवशी बघितलं.

तो तुकडा कापला कुणी, हे मला आजही माहीत नाही. बापूवर संशय होता. पण बापू स्वतःच इतका घाबरला होता की त्यानं कॅमेरा गव्हाच्या कोठीत लपवला. पलीकडच्या एका व्यापाऱ्यावर होता. तो त्या आठवड्यात दोनदा चहा पाजून गेला आणि टेन्शन घेऊ नका म्हणाला. संचालकांतल्या एकावर होता, त्याला पुढच्या निवडणुकीत आबांची खुर्ची हवी होती. अजूनही कुठल्या लग्नात हे लोक भेटले की मी त्यांच्या ताटाकडे बघते, केळं उचलतात का ते.

मी आधी जे करू नये तेच केलं. पेपरात खुलासा दिला. आमच्या केळ्यांत कुठलंही विष नाही. ज्यांनी तो व्हिडिओ बघितला नव्हता त्यांनाही आता कळलं की केळ्यात विषाचा काहीतरी विषय आहे. टॉकीजच्या पाटीवर "चित्रपट अश्लील नाही" असं लिहिलेलं असलं की बायकांच्या खिडकीवर शुकशुकाट आणि बाप्यांच्या खिडकीवर मारामारी, हे मी लहानपणी बघितलेलं. तरी मी ते लिहिलं. मग आबांनी पत्रकारांना बोलावून, त्यांच्या समोर, हौदातलं केळं सोलून खाल्लं. हे सुद्धा सिनेमातलंच. संध्याकाळपर्यंत बाजारात दोन मतं तयार झाली. एक, आबा घरून केळं घेऊन आले होते. दुसरं, विष सालीला असतं आणि आबांनी साल कुठं खाल्ली.

इंदूरकडच्या व्यापाऱ्यानं माल थांबवला. पण मला खरा घोर लागला तो दुसऱ्याच गोष्टीनं. लोणखेड्याकडचे एक पाटील होते, त्यांच्या बागेतल्या मालाला सादिकभाईंशिवाय कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. मुलाच्या लग्नात त्यांनी सादिकभाईंना पंगतीत शेजारी बसवून घेतलं होतं. त्यांनी निरोप पाठवला, ह्या वेळेला दुसरा माणूस पाठवा. निरोप मीच सादिकभाईंना सांगितला. त्यांनी फडकं पिळलं, तारेवर वाळत टाकलं आणि शेडच्या मागे जाऊन बसले.

संचालकांची बैठक बसली. चहा एका संचालकानं मागवला, तेव्हाच मला कळलं काय होणार आहे.

"सादिकले दोन महिना घर बसाडी देऊ," तो म्हणाला. "लोकेसले काहीतरी दखाडनं पडी. मंग वातावरण शांत व्हयनं का परत बलावू. त्याना काय अपमान शे ह्यामा?"

सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांनीही तेच सिनेमे बघितले होते. शेवटच्या रिळात कुणालातरी दोरीनं बांधून नेलं की प्रेक्षक समाधानानं घरी जातो, चप्पल शोधायला लागतो. मी म्हटलं, आज त्यांना घरी पाठवलंत तर उद्या गाव म्हणेल, बघा, होतंच काहीतरी. तो माणूस मग दोन महिन्यांनी परत येणार नाही. आला तरी हौदावर येणार नाही, आणि शहाद्यात तो जिथे जाईल तिथे त्याच्या आधी तो मैदा पोचलेला असेल. मैदा आपणच त्याच्या हातात दिला होता. आबा खाली बघत होते. सनईवर आबाच उतरले होते ना.

शेवटी आबांनी विचारलं, "मंग तुमनं काय म्हननं शे, ताई?"

मी म्हटलं, पुढच्या आठवडी बाजारापर्यंत थांबा. मला फक्त एक बोर्ड लावू द्या.

बोर्डची कल्पना कुठून आली, तेही सांगते. सिनेमात खलनायक आपला डाव हिरोच्या तोंडावर सांगत नाही. हिरो खांबाआड उभा असतो. तो चोरून ऐकतो. आणि चोरून ऐकलेलं असतं म्हणूनच आपल्याला ते पटतं. तेच वाक्य खलनायकानं भर चौकात माईकवरून सांगितलं असतं तर आपण म्हटलं असतं, ह्यात काहीतरी डाव आहे. आमची सगळी चूक तीच होती. आम्ही खरं ते माईकवरून सांगत होतो.

मी पेंटरकडून मोठा, लाल अक्षरांचा बोर्ड करून घेतला. "फोटो व शूटिंग करण्यास सक्त मनाई. हुकुमावरून." हुकूम कुणाचा ते लिहिलं नाही, त्यानं भीती वाढते. बोर्ड शेडच्या रस्त्याकडच्या भिंतीवर ठोकला. भिंत पुरुषभर उंच. तिच्या बाहेर लिंबाखाली मी मोडके क्रेट रचून ठेवायला सांगितले, उगाच, जागा नाही म्हणून. हौदही थोडा सरकवून घेतला, भिंतीवरून दिसेल असा. कारण विचारलं तर म्हटलं, पाण्याला उतार नीट नाही.

सादिकभाईंना यातलं अक्षर सांगितलं नाही. त्यांची अॅक्टिंग मी बघितलेली होती.

बोर्ड लावला त्या सकाळी भिंतीवर कुणी नव्हतं. जेवणाच्या सुट्टीनंतर एक डोकं दिसलं. मग दोन. मग मोबाईल धरलेला एक हात, नुसताच, कोपरापर्यंत. ज्या शेडचं दार वर्षानुवर्षं उघडं होतं आणि जिथे कुत्रंसुद्धा उत्सुकतेनं आलं नव्हतं, तिथे आता क्रेटवर चढायला नंबर लागत होते. मी दोनदा बाहेर जाऊन मोठ्यानं ओरडले, कोण आहे तिकडे, खाली उतरा, मोबाईल जप्त करीन. माझं तेवढं एक काम आयुष्यात सिनेमाच्या तोडीचं झालं. ते पळाले आणि माझी पाठ वळताच परत आले.

आत सादिकभाई नेहमीसारखे. मास्क नाही, मोजे नाहीत. फडक्यात तुरटीचा खडा बांधला, पाण्यात फिरवला. मध्येच ऊन लागलं म्हणून त्याच पाण्याचा ओंजळभर हबका तोंडावर मारला. एक फणी उचलली, त्यातलं पिकायला आलेलं एक केळं तोडलं, लुंगीला पुसलं, अर्धं स्वतः खाल्लं आणि उरलेलं सालीसकट शेडमधल्या बकरीला दिलं. बकरी त्यांचीच, रोज मागे मागे यायची.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ सगळ्या जिल्ह्यात फिरत होता. हलत होता, अर्ध्यात कुणाच्या तरी डोक्याचा मागचा भाग होता, आणि मागून कुजबुजता आवाज, "दखा, आतली खरी गोष्ट दखा. बकरी बी खाई ऱ्हायनी, सालसकट." खाली लिहिलेलं, संघ हे लपवत होता.

चेअरमनवर विश्वास नाही, पेपरावर नाही, माझ्यावर तर नाहीच. बकरीवर सगळ्यांचा. आणि बकरीनं साल खाल्ली होती, हा मुद्दा बाजारात फार चालला. भाजीवाल्या बाया एकमेकींना सांगत होत्या की संघानं बोर्ड लावला तेव्हाच आपल्याला कळलं, आत काहीतरी चांगलं चाललंय. हे ऐकून मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून तशीच उभी राहिले.

माल परत सुरू झाला. पाटील स्वतः मोटारसायकलवरून आले, सादिकभाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मन्हा तं पहिलापाईन इसवास व्हता." सादिकभाई हसले. पाटलांचा हात खांद्यावर होता तोवर हसत राहिले.

मग ते माझ्या टेबलाशी आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, क्रेट कुणी रचायला लावले ते.

"ताई, माले काबर नही सांगं?"

मी म्हटलं, सांगितलं असतं तर तुम्ही केस विंचरून आला असता. बकरीलाही विंचरलं असतं.

ते खरंच हसले. मग हसू उतरलं.

"म्हणजे मी खरा शे," ते म्हणाले, "हाई बी चोरीसन दखाडनं पडनं."

  सिनेमात असा प्रसंग बघितल्याचं मला आठवेना. तिथे निर्दोष सुटला की 'समाप्त'ची पाटी येते आणि लोक उठतात. सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर गेला तर काय वाटतं, हे कुणी दाखवत नाही.

मी निवृत्त झाले. नात आता बाहेरगावी हाच जनसंपर्क शिकते. तिच्या भाषेत याला मोठमोठे शब्द आहेत. ते ती मला फोनवर सांगते आणि मी म्हणते, तू आधी गर्दीच्या कडेचा माणूस बघायला शीक. तिला वाटतं आजी चेष्टा करते.

मागच्या दिवाळीच्या आधी मी लोणखेड्याकडे एका घरभरणीला गेले होते. परत येताना रिक्षा शेडजवळ थांबवली. सादिकभाई अजून हौदावर असतात. बकरी दुसरी आहे. भिंतीपाशी जाते तो काय, सादिकभाई स्टुलावर उभे, हातात ब्रश, आणि त्या जुन्या बोर्डाची अक्षरं लाल रंगानं परत गिरवतायत. "सक्त"चा त चांगला ठसठशीत केला होता. क्रेटही होते, लिंबाखाली, नवे, नीट रचलेले.

मी म्हटलं, भाई, आता कशाला हे. झालं ते झालं, काढून टाका.

त्यांनी वळून बघितलं, मग भिंतीच्या वर बघितलं, रस्त्याकडे बघितलं. असं चारी बाजूंना बघायची सवय त्यांना आधी नव्हती.

"काढनं नही, ताई," ते म्हणाले. "जवलगुन बोर्ड शे, तवलगुन लोके चोरीसन दखतीन. लोके दखतस, तवलगुन मी सुखी शे."

आणि ब्रश डब्यात बुडवून ते परत "मनाई"कडे वळले. थोड्या वेळानं खाली उतरून त्यांनी बकरीला केळं दिलं. सालीसकट. देताना भिंतीकडे तोंड करून दिलं, असा मला संशय आहे.